जुनीच लाख, जुनाच सरस

भिवंडीत जुन्या घराचा पुनर्विकास ठरला की सर्वांत शेवटी प्रश्न उरतो तो कपाटाचा. भांडी खोक्यांत जातात, गाद्या टेम्पोत चढतात, देव्हारा घरातील माणसे स्वतःच्या हातांनी उचलतात. पण आजोबांच्या लग्नातील साडेसहा फुटी कपाट जिन्याच्या वळणावर अडते आणि नव्या इमारतीच्या लिफ्टमध्ये मावत नाही. मग कोणीतरी भंगारवाल्याला बोलावण्याची सूचना करतो. घरातील सर्वांत वृद्ध व्यक्ती त्यावर काही बोलत नाही, आणि तिचे न बोलणेच सर्वांना जड जाते.

कासार आळीतील एका श्रावक कुटुंबात हाच प्रसंग आला. कपाट १९४०च्या सुमाराचे, मुंबईहून आणलेले. चौकट सागाची, कोपरे गोलाकार, मधल्या दारात आरसा आणि दोन्ही बाजूंच्या दारांवर शिसवीचे विनियर. त्या काळी मुंबईत अशा वळणदार घडणीचा ओढा मोठा होता. १९३७ साली वास्तुविशारदांच्या भारतीय संस्थेने मुंबईच्या टाउन हॉलमध्ये आदर्श घराचे प्रदर्शन भरविले, त्यात नव्या धर्तीचे स्वयंपाकघर, दिवाणखाना आणि त्यांतील सामान लोकांनी पाहिले. मरीन ड्राइव्हच्या ज्या इमारतींना २०१८ साली जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांच्याच पिढीतील हे फर्निचर. इमारतींना मान मिळाला. फर्निचर बहुधा चोर बाजारात गेले किंवा चुलीत.

विनियर म्हणजे नकली लाकूड, अशी एक समजूत घराघरांत आहे. ती चुकीची आहे. सुंदर रेषांचे लाकूड ओंडक्यात थोडेच असते. ते फळ्या पाडून संपविण्याऐवजी त्याचे पातळ पापुद्रे काढायचे आणि साध्या, स्थिर लाकडावर चिकटवायचे, ही युक्ती प्राचीन इजिप्तमधील कारागिरांनाही ठाऊक होती. एका ओंडक्यातून अनेक कपाटांची दारे सजतात, म्हणजे झाडही कमी लागते. शिवाय लागोपाठचे दोन पापुद्रे पुस्तकाच्या पानांसारखे उघडून शेजारी बसविले, तर डाव्या दारावरची रेषा उजव्या दारावर आरशातल्यासारखी उमटते. या कुटुंबातील कपाटाच्या दारांवर अशीच जोडरेषा होती. अशा दाराचा एक तुकडा हरवला तर त्याचा जोड बाजारात मिळत नाही. तो ओंडका एकच होता.

कपाटाची अवस्था मात्र वाईट होती. २६ जुलै २००५च्या पुरात भिवंडीच्या सखल भागांत पाणी शिरले, तेव्हा ते दीड दिवस वीतभर पाण्यात उभे होते. तळाकडचे विनियर भाजलेल्या पापडासारखे फुगून उचलले गेले. एका कोपऱ्याचा तुकडा पुढे केव्हातरी केरसुणीबरोबर गेला. वरच्या भागावर गरम पेल्याचे पांढरे कडे, आणि सर्वत्र धूर, तेलकट हात व यंत्रमागांच्या गावातील कापसाची बारीक तूस यांचा काळपट थर.

भंगारवाल्याने सागाच्या वजनावर भाव सांगितला. विनियरचे त्याला काहीच मोल नव्हते. पॉलिशवाल्याने दुसरा मार्ग सुचविला. सगळे यंत्राने घासून काढायचे, खाली कोरे लाकूड दिसू द्यायचे आणि त्यावर लाखेचे नवे हात द्यायचे. कपाट नव्यासारखे दिसेल, अशी त्याची हमी होती. घरातील आजी तोवर गप्प होत्या. त्या तेव्हा एवढेच म्हणाल्या, “कपाट राहो अथवा जावो. नवी लाख या घरात आणू नका.”

मुलाला हा हट्ट वाटला. तो हट्ट नव्हता. उपासकदशांग सूत्रात आणि आचार्य हेमचंद्रांच्या योगशास्त्रात श्रावकाने टाळावयाची पंधरा कर्मादाने सांगितली आहेत, त्यांत लाक्षावाणिज्य, म्हणजे लाखेचा व्यापार, हे एक आहे. निषेध व्यापाराचा आहे, वापराबाबत परंपरांत आणि घराघरांत आचार निरनिराळा आहे. पण आजींच्या माहेरी लाखेच्या बांगड्यादेखील वर्ज्य होत्या.

लाख कशी तयार होते हे पाहिले की त्या निषेधाचे कारण लक्षात येते. केरिया लॅक्का नावाचा कीटक पळस, कुसुम, बोर यांच्या कोवळ्या फांद्यांवर बसतो. राईच्या दाण्याहून लहान अशी ही पिल्ले फांदीचा रस शोषतात आणि स्वतःभोवती राळेचे कवच स्रवतात. मादी त्या कवचातून पुन्हा बाहेर येत नाही. आतच अंडी घालते आणि आतच मरते. शेतकरी काही वेळा पिल्ले निघून गेल्यावर फांद्या तोडतो, काही वेळा त्यापूर्वीच. खरवडलेल्या लाखेत कीटकांची कलेवरे असतातच. ती भरडून, धुऊन, वितळवून, कापडातून गाळली की चपडा लाख मिळते. एका किलोमागे किती जीव, याची गणना हजारांपासून लाखांपर्यंत जाते. झारखंड हे या पिकाचे मोठे क्षेत्र. रांचीजवळ नामकूम येथे १९२४ साली लाख संशोधनाची संस्था स्थापन झाली. आपल्याकडे विदर्भातील पळसबनांतही लाख घेतली जाते. जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्या लाखेच्याच होत्या, आणि आजही औषधी गोळ्यांवरची किंवा गोड गोळ्यांवरची चकाकी पुष्कळदा लाखेची असते; वेष्टनावर ती ई-९०४ या क्रमांकाने लिहिलेली आढळते. घटकांची यादी वाचून खरेदी करणाऱ्या गृहिणींनी हा क्रमांक ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

विनियर चिकटविण्यासाठी जो सरस वापरत, तो तर जनावरांची कातडी आणि हाडे उकळूनच केलेला. म्हणजे ज्या कपाटापुढे उभे राहून आजींनी साठ वर्षे नवकार म्हटला, त्याच्या अंगावर लाख होती आणि पोटात सरस. हे नातसुनेने प्रथम ऐकले तेव्हा ते आजींना सांगावे की नाही, असा पेच तिला पडला. तिने सांगितले. आजी क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “जे झाले ते आम्हाला न कळता झाले. पुढचे कळून होऊ नये.”

या वाक्यामुळे पॉलिशवाल्याचा मार्ग बंद झाला. घासून काढणे म्हणजे जुनी लाख धूळ करून फेकणे आणि तितकीच नवी विकत आणणे. दुरुस्तीचा दुसरा मार्ग एका वृद्ध सुतारमिस्त्रींनी दाखविला, आणि तो त्या दोन पदार्थांच्या स्वभावातच दडलेला होता. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, सुकते आणि पुन्हा स्पिरिट लागताच पुन्हा विरघळते. सरस ऊब आणि ओल मिळताच मऊ होतो आणि निवताना पुन्हा धरतो. आजची मेलामाइन किंवा पीयू पॉलिशे एकदा घट्ट झाली की अशी परत फिरत नाहीत. पांढरा गोंदही नाही. जुन्या कारागिरांनी हे पदार्थ अहिंसेच्या विचाराने निवडले नव्हते, हे उघड आहे. पण त्यांच्या निवडीमुळे ऐंशी वर्षांनंतर एक घर नवी लाख न आणता जुने कपाट राखू शकले.

आधी परीक्षा करावी लागते. कपाटाच्या मागच्या किंवा आतल्या न दिसणाऱ्या कडेवर स्पिरिटमध्ये भिजविलेला कापूस मिनिटभर टेकवायचा. पृष्ठभाग चिकट झाला आणि कापूस तपकिरी झाला तर ती लाख. काहीच झाले नाही तर वर नंतरच्या काळात कोणीतरी दुसरे पॉलिश चढविलेले आहे आणि पुढची रीत तेथे चालणार नाही. या कपाटावर कापूस मधाच्या रंगाचा झाला.

विनियरच्या बाबतीत पॉलिशपेपरचे यंत्र हा सर्वांत मोठा शत्रू आहे. आजचे विनियर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते, जुने त्याहून काहीसे जाड. पण यंत्र एका जागी दोन श्वास थांबले तरी शिसवी संपून खालचे फिकट लाकूड डोकावते. ते भोक मग कोणत्याही रंगाने झाकत नाही. भिवंडीतील आणि ठाण्यातील कितीतरी जुन्या कपाटांचे मरण पुराने नव्हे, अशा नूतनीकरणाने ओढवले आहे.

मिस्त्रींनी प्रथम बोटाच्या नखाने सगळे दार टकटक वाजवून पाहिले. भरीव आवाज आला तेथे खडूने काही लिहिले नाही. पोकळ आवाज आला तेथे वर्तुळ काढले. एकंदर अकरा वर्तुळे झाली. जेथे पापुद्रा कडेने उचललेला होता, तेथे पातळ सुरी घालून आत साठलेली पुराची माती कोरडीच खरवडून काढली. माती राहिली तर कोणताच चिकटा धरत नाही; या एका कामाला दोन दिवस लागले. जेथे मधोमध फोड होता, तेथे लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच पात्याने बारीक चीर दिली. रेषेला आडवी चीर कायम दिसत राहते.

नंतर ओलसर सुती फडके आणि त्यावर कोमट इस्त्री, घरातील नेहमीची. इस्त्री दहा-बारा क्षण टेकवायची, उचलायची, हाताने दाबून पाहायचे. तिसऱ्या खेपेस खालचा सरस जागा झाल्याचे कळते. पापुद्रा हाताखाली किंचित सरकतो आणि बसतो. लगेच त्यावर प्लॅस्टिकचा तुकडा, त्यावर सपाट फळी आणि त्यावर वजन. या घरात वजन म्हणून जुन्या दुकानातील पाच आणि दहा किलोची लोखंडी मापे कामी आली. रात्रभर हलवायचे नाही. अकरापैकी आठ वर्तुळे अशी जुन्याच सरसाने बुजली. उष्णतेने व ओलीने त्या जागची लाख पांढरट पडली, तेव्हा नातसून घाबरली होती. मिस्त्रींनी तिला काम पुरे होईपर्यंत थांबायला सांगितले.

उरलेली तीन वर्तुळे तळाशी होती. तेथील सरस पुराच्या पाण्याने केव्हाच धुऊन गेला होता. नवा सरस आणायचा नव्हता. घरच्या गव्हाच्या खळीने चिकटवून पाहावे असे कोणी सुचविले. भिवंडीत सायझिंगच्या कारखान्यांमुळे खळ हा शब्द प्रत्येकाच्या ओळखीचा. परंतु खळ कागदाला पुरते, लाकडाच्या ताणाला पुरत नाही, आणि दमट हवेत तिला बुरशी येते. अखेर सुताराचा नेहमीचा पांढरा कृत्रिम गोंद वापरला. त्यात प्राणिज काही नाही, पण तो एकदा धरला की सोडत नाही. पुढच्या पिढीला ते तीन ठिकाण उकलता येणार नाही. मिस्त्रींनी कपाटाच्या पाठीवर पेन्सिलीने त्या जागांची खूण आणि गोंदाचे नाव लिहून ठेवले. एवढी शिस्त फार थोडे कारागीर पाळतात.

हरवलेल्या कोपऱ्यासाठी शिसवीचा तुकडा हवा होता. शिसवीच्या संपूर्ण कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७पासून निर्बंध आहेत आणि नवे लाकूड आणणे या घराला तसेही नको होते. कपाटाच्याच आतल्या कप्प्याच्या कडेला, जी दार लावल्यावर दिसत नाही, तेथे तेच विनियर होते. तेथून दोन बोटांची पट्टी ओल्या फडक्याने आणि इस्त्रीने सोडवून घेतली. ठिगळ चौकोनी कापले नाही. चौकोनाच्या आडव्या कडा डोळ्यांत भरतात. होडीच्या आकाराचे, दोन्ही टोकांना निमुळते होत गेलेले ठिगळ लाकडाच्या रेषांत विरून जाते. तुकडा खराब जागेवर ठेवून दोन्ही थर पात्याच्या एकाच फटक्यात कापले, म्हणजे सांधा आपोआप जुळतो. रंग जुळतो का हे कोरड्यावर ठरवीत नाहीत. स्पिरिटचा हात फिरविला की क्षणभर पॉलिशनंतरचा रंग दिसतो आणि तोच खरा.

मग लाखेकडे वळता आले. आधी टर्पेंटाइनने मळ काढला, कारण टर्पेंटाइन लाखेला स्पर्श करीत नाही पण तेलकटपणा उचलते. मळ न काढता स्पिरिट लावले तर तो मळच लाखेत कायमचा बंद होतो. त्यानंतर मलमलीत कापूस बांधून केलेली पुरचुंडी, तिच्यावर स्पिरिटचे थोडेसेच थेंब, आणि लाकडाच्या रेषेवरून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न थांबता फिरणारा हात. हात मध्येच थांबला तर पुरचुंडी चिकटते आणि तेथे तिची विणच उमटते. लाख मऊ होते, पसरते, भेगा भरते. कोरीव कडांत जेथे जुन्या पॉलिशवाल्याने जाड थेंब सोडले होते, तेथून पुरचुंडीने लाख उचलून उघड्या पडलेल्या भागांवर नेली. पेल्याचे पांढरे कडे तिसऱ्या फेरीत नाहीसे झाले, इस्त्रीचे पांढरे डागही. आजी खुर्ची घेऊन समोर बसल्या होत्या. दार उजळले तसे त्यांनी तोंडावर पदर घेतला. स्पिरिटचा वास होता, असे त्यांनी सांगितले. वास होताच. या कामाला खिडक्या उघड्या हव्यात, हातमोजे हवेत आणि जवळपास गॅस किंवा दिवा नको.

तळाच्या वीतभर पट्टीवर लाख उरलीच नव्हती. तेथे अळशीचे उकळविलेले तेल दोन हात दिले. मेण लावायचे असेल तर तयार डब्यांत बहुधा मधमाश्यांचे मेण असते. त्याऐवजी ब्राझीलमधील ताडजातीच्या पानांपासून मिळणारे कार्नोबा मेण मागता येते. तळाची पट्टी वरच्या भागाइतकी चमकत नाही, हे मान्य केले पाहिजे. अळशीच्या तेलाविषयी आणखी एक गोष्ट, आणि ती भिवंडीत तर विसरू नयेच. हे तेल हवेत सुकताना ऊब सोडते. तेलाचे बोळे एकत्र गोळा करून टाकले तर ती ऊब साचून बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. कापूस, सूत आणि गोदामांच्या या गावात आगीला निमित्त थोडे पुरते. फडकी एकेरी पसरून दोरीवर वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

मुहूर्ताबद्दल मिस्त्रींचा आणि आजींचा मतभेद झाला नाही, हे विशेष. पावसाळ्यात स्पिरिट उडताना हवेतील ओल लाखेत ओढली जाते आणि पॉलिश दुधासारखे पांढरे पडते, म्हणून मिस्त्री श्रावण-भाद्रपदात पुरचुंडी हातात घेत नाहीत. चातुर्मासात जीवोत्पत्ती अधिक म्हणून आजी या दिवसांत घरातील जुने सामान हलवू देत नाहीत. काम कार्तिक पौर्णिमेनंतर सुरू झाले.

किडीचा प्रश्न मात्र अवघड निघाला. मागच्या एका मऊ लाकडाच्या पट्टीखाली ताजा, पिठासारखा भुसा दिसला. ताजा भुसा म्हणजे आत जीव आहे. सागाच्या गाभ्याला कीड सहसा शिवत नाही. ती लागते सालीलगतच्या फिकट लाकडाला. औषध टोचले की त्रसजीवांची हिंसा, न टोचले की कपाट जाणार. निर्दोष उत्तर नव्हते. पट्टी कपाटाचा भार वाहत नव्हती, म्हणून ती तशीच सोडवून अंगणातील जुन्या लाकडांच्या ढिगावर, सावलीत नेऊन ठेवली आणि तिच्या जागी जुन्या खिडकीतील सागाची पट्टी बसविली. मुलाने विचारले की ती कीड आता कोठे जाईल. आजींनी त्याचे उत्तर दिले नाही.

कपाट आज नव्या घरात चौथ्या मजल्यावर आहे. ते जिन्याने नेताना चौकटीच्या खुंट्या काढून चार भागांत सोडवावे लागले. जुन्या सुतारांनी एकही खिळा मारलेला नव्हता. भिंतीपासून चार बोटे दूर आणि फरशीपासून दोन इंच वर ते उभे आहे, म्हणजे मागे ओल धरत नाही. पहिल्या पावसाळ्यात उजव्या दाराच्या खालच्या कडेचा पापुद्रा पुन्हा बोटभर उचलला गेला. नातसुनेने त्यावर खडूने वर्तुळ काढून ठेवले आहे. कार्तिकात इस्त्री पुन्हा बाहेर निघेल.